चाकांवरील विज्ञान प्रदर्शने

४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ५१-क समाविष्ट झाला. वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे त्यातील एक मूलभूत कर्तव्य होय. परंतु विज्ञान केंद्रे प्रामुख्याने शहरांत असल्याने ग्रामीण विद्यार्थ्यांना समान संधी कशी द्यावी, हा प्रश्न उरतो. फिरते प्रदर्शन हे त्याचे एक उत्तर आहे.

उगम : शिकागो येथील १९३३ च्या जागतिक प्रदर्शनावरून जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांना प्रदर्शनच लोकांकडे नेण्याची कल्पना सुचली. १९३६ मध्ये ‘परेड ऑफ प्रोग्रेस’ हा दौरा सुरू झाला. पुढे त्यासाठी ‘फ्युचरलायनर’ या १२ निमुळत्या, गोलसर बांधणीच्या बसगाड्या तयार झाल्या. सुमारे १० मीटर लांबीच्या या गाडीची बाजू उघडली की तिचेच व्यासपीठ होई. महायुद्धामुळे १९४१ मध्ये थांबलेला दौरा १९५३ मध्ये पुन्हा सुरू झाला. मात्र दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर १९५६ मध्ये तो बंद पडला.

भारतातील वाटचाल : कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने १९६५ मध्ये फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले. अमेरिकेतील उपक्रमामागे कंपनीची प्रसिद्धी हाही हेतू होता. येथे मात्र शालेय शिक्षण केंद्रस्थानी राहिले. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने या बससेवेचा देशभर विस्तार केला. २००७ ते २०१७ या काळात ‘सायन्स एक्स्प्रेस’ ही प्रदर्शन-रेल्वेही धावली; परंतु रेल्वे केवळ स्थानकापर्यंत पोहोचते, तर बस थेट शाळेच्या आवारात.

महत्त्व व मर्यादा : तमिळनाडूत कुंभकोणमजवळील इन्नंबूर गावच्या शिवमंदिरात मुलांना अक्षरारंभासाठी आणण्याची परंपरा आहे. कुंभकोणममध्येच १९०३ च्या सुमारास जी. एस. कार यांचा गणितग्रंथ श्रीनिवास रामानुजन यांच्या हाती पडला आणि त्यांच्या प्रतिभेला दिशा मिळाली. योग्य वयात योग्य साधन मिळणे किती निर्णायक ठरते, याचे हे उदाहरण होय. तथापि ते योगायोगावर सोडता येत नाही. म्हणूनच सार्वजनिक यंत्रणेची गरज भासते. बसचा मुक्काम अल्पकाळ असतो. ती निघून गेल्यावर शिक्षक आणि शाळेची प्रयोगशाळा यांनी तो धागा पुढे नेला नाही, तर कुतूहल तेथेच विरते.

अभ्यासासाठी प्रश्न : वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या विकासात फिरत्या प्रदर्शनांची भूमिका व मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.