म्हैसूर नावाच्या दोन युद्धनौका

(काळ बदलतो तशी शस्त्रे बदलतात. मग जुन्या युद्धनौकांचे काय करायचे? या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे या पाठात आली आहेत.)

आपले जयसिंगपूर समुद्रापासून दूर आहे. तरीही ही गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. उसाला पाणी देणारे जुने इंजिन बंद पडले, की शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. ते दुरुस्त करावे, की नवे घ्यावे? असाच प्रश्न देशांपुढेही येतो.

'नायजेरिया' ही ब्रिटिशांची हलकी क्रूझर होती. क्रूझर म्हणजे लांबच्या सफरी करणारी वेगवान युद्धनौका. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४० साली ती नौदलात दाखल झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये ती माल्टा बेटाकडे जाणाऱ्या जहाजांचे रक्षण करत होती. तेव्हा इटलीच्या पाणबुडीने तिच्यावर पाणतीर मारला. तिच्यावरील ५२ जण मरण पावले. नौका मात्र बुडाली नाही. ती जिब्राल्टर बंदरात परत पोहोचली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात मोठ्या युद्धनौका बांधल्या जात नव्हत्या. म्हणून १९५४ साली भारताने ही जुनी क्रूझर विकत घेतली. इंग्लंडमधील बर्कनहेड येथे तिची मोठी दुरुस्ती झाली. पाणतीर सोडण्याच्या नळ्या काढल्या. डोलकाठ्या बदलल्या. पूर्वी तिच्यावर सहा इंची बारा तोफा होत्या. भारतात आली तेव्हा नऊ होत्या. २९ ऑगस्ट १९५७ रोजी ती 'आयएनएस म्हैसूर' झाली. तिचे पहिले कप्तान एस. एम. नंदा पुढे नौदलप्रमुख झाले.

त्याच सुमारास अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. महायुद्धकाळातील सहा हलक्या क्रूझरांच्या मागच्या बाजूच्या तोफा काढून तेथे क्षेपणास्त्रे बसवली. 'लिटल रॉक' ही त्यांपैकी एक. तिच्यावरील एकेक क्षेपणास्त्र सुमारे साडेतीन टन वजनाचे होते. पण काम सोपे नव्हते. उंच मनोऱ्यांवर जड रडार चढवल्यामुळे या नौकांचा तोल सांभाळणे अवघड झाले. बैलगाडीत उंच भारा रचला, की ती कलंडू लागते, तसेच हे. म्हणून नौकेच्या तळाशी जादा वजन ठेवावे लागले.

१९६७ साली इजिप्तच्या लहान नौकांनी क्षेपणास्त्रे सोडून इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. लहान नौकाही मोठ्या नौकेला भारी पडू शकते, हे जगाला कळले. १९७१ च्या युद्धात 'म्हैसूर' आपल्या पश्चिम ताफ्याची प्रमुख नौका होती. पण ४ डिसेंबरच्या रात्री कराचीजवळ हल्ला केला तो लहान क्षेपणास्त्र नौकांनी. पुढे 'तलवार' या आपल्या फ्रिगेटची पुढची तोफ काढून तेथे क्षेपणास्त्रे बसवली गेली. 'म्हैसूर'वर मात्र शेवटपर्यंत तोफाच राहिल्या. १९८५ साली ती निवृत्त झाली.

दरम्यान मुंबईच्या माझगाव गोदीतील कामगार व अभियंते युद्धनौका बांधण्यात तरबेज झाले होते. तेथेच बांधलेली 'नीलगिरी' फ्रिगेट १९७२ साली नौदलात आली होती. २ जून १९९९ रोजी याच गोदीत बांधलेली क्षेपणास्त्रवाहू विनाशिका नौदलात आली. तिचे नावही 'म्हैसूर'च ठेवले.

पहिली 'म्हैसूर' आपण दुसऱ्याकडून घेतली, दुसरी स्वतः बांधली. पण पहिलीवर आपले नौसैनिक घडले, हे विसरता येणार नाही. जुने इंजिन नवे येईपर्यंत शेत जगवते. म्हणून त्याला कोणी निरुपयोगी म्हणू नये.

शब्दार्थ
पाणतीर – पाण्यातून जाऊन जहाजावर आदळणारा स्फोटक बाण
ताफा – जहाजांचा समूह
गोदी – जहाजे बांधण्याची व दुरुस्तीची जागा
तरबेज – निपुण, कुशल

स्वाध्याय
१. 'नायजेरिया' नौकेवर १९४२ साली कोणता प्रसंग ओढवला?
२. अमेरिकेच्या नौकांचा तोल सांभाळणे अवघड का झाले?
३. तुमच्या घरातील दुरुस्त करून वापरलेल्या एका वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.