कॅमेरा वॉटरप्रूफ असतो, त्याचा जोड नसतो



सीसीटीव्हीच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आजचा लेख आहे. व्हिडिओत टेप कशी गुंडाळायची ते पाहिलंत, इथे त्यामागचं कारण आणि पैशाचा हिशोब पाहू.

जून लागला की फोन सुरू होतात. "दादा, गेटवरचा कॅमेरा दिसत नाहीये." तुम्ही जाता, जॅक काढून परत बसवता, चित्र येतं. आठ दिवसांनी पुन्हा तोच फोन. कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. ६६ म्हणजे जोरदार फवारा मारला तरी पाणी आत जात नाही, ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. पण हा आकडा कॅमेऱ्याच्या डब्याचा आहे. त्याच्या मागून जी शेपटी लोंबते, त्यातला बीएनसी आणि डीसी जॅक उघडाच असतो. पाणी तिथे शिरतं.

आत काय होतं? पिन आणि बाहेरची कडी यांच्यात ओलावा आला आणि त्यावर १२ व्होल्ट सतत चालू असले, की प्लसकडचा धातू हळूहळू विरघळायला लागतो. हिरवा-पांढरा थर दिसतो तो हाच. पीओई कॅमेऱ्यात तर ४८ व्होल्टच्या आसपास असतात, त्यामुळे आरजे ४५ च्या पिना आणखी लवकर जातात. रत्नागिरी, मालवण, अलिबाग अशा ठिकाणी हवेतच मीठ आहे, तिथे पाऊस नसतानाही हे काम चालू असतं.

एक खूण लक्षात ठेवा. दिवसा कॅमेरा नीट चालतो आणि रात्री बंद पडतो, अशी तक्रार आली तर अडॅप्टर बदलण्याआधी जॅक उघडून बघा. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट जास्त लागतो आणि गंजलेल्या जॅकवर व्होल्टेज पडतं.

आता उपाय. पहिली गोष्ट फुकटची आहे: जोडाच्या आधी केबलला खाली झोळ द्या. पाणी केबलवरून घरंगळत येतं, झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, जोडापर्यंत चढत नाही. दुसरी गोष्ट बॉक्स. केबल नेहमी बॉक्सच्या खालच्या बाजूने आत घ्या, वरून कधीच नाही. वरची कड आणि मागचं भिंतीचं भोक सील करा, पण तळाला एक बारीक भोक मोकळं ठेवा. दिवसा बॉक्स तापतो, रात्री गार होताना दमट हवा आत ओढतो. ते पाणी बाहेर पडायला वाट हवी.

सील करायला सिलिकॉन घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर त्यातलं आम्ल तांब्याला खातं, म्हणून ते जोडाजवळ नको. दुकानात 'न्यूट्रल क्युअर' मागा.

टेपच्या बाबतीत बहुतेक जण घाई करतात. साधी काळी पीव्हीसी टेप एकटी पुरत नाही, उन्हाने तिचा गोंद सुटतो. आधी सेल्फ-फ्युजिंग रबर टेप, चांगली ताणून, अर्धी अर्धी एकमेकांवर चढवत, खालून वर गुंडाळा. कौलं जशी वरचं खालच्यावर येतात तशी. तिच्यावर पीव्हीसी टेप, ती फक्त उन्हापासून झाकायला. जोड आधीच ओला असेल तर टेप मारू नका, पाणी आत कोंडाल. कोॲक्सची जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते, म्हणून चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल कापा. त्यासाठीच सुरुवातीला दीड-दोन फूट केबल जास्त सोडायची. आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाहेर वापरू नका. मुलामा कुठे खरचटला की आतलं ॲल्युमिनियम फार लवकर कुजतं.

हिशोब करू. आकडे मी नुसते धरलेत, तुमच्या गावचा दर घाला. चार कॅमेऱ्यांच्या कामात तुमच्या हातात २,००० रुपये राहिले. बॉक्स आणि टेप मिळून कॅमेऱ्यामागे १०० धरले तर ४०० गेले. नाही केलं, तर पावसाळ्यात एक फुकट चक्कर म्हणजे पेट्रोल आणि अर्धा दिवस, ५०० तरी धरा. तीन चकरा झाल्या की १,५०० गेले, आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याला तुमचं नाव सांगत नाही ते वेगळंच.

म्हणून हा खर्च गुपचूप मजुरीत घालू नका. कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळ लिहा: 'बाहेरील जोड संरक्षण, प्रति कॅमेरा'. "हे कशाला?" असं विचारणारच. त्यासाठी बॅगेत एक हिरवा पडलेला जुना जॅक ठेवा आणि हातात द्या. तरीही नको म्हणाले तर ओळ खोडा, पण शेजारी लिहा की जोडात पाणी गेल्यास व्हिजिट चार्ज लागेल. माझ्या मते तोंडी सांगणं इथे कामाचं नाही, जुलैत कुणालाच ते आठवत नाही.

झाकण लावण्याआधी प्रत्येक बॉक्सचा फोटो काढून गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर तारखेसकट पाठवा. पुढच्या मे महिन्यात तोच फोटो परत पाठवून विचारा, "पावसाआधी एकदा तपासून देऊ का?" वार्षिक देखभालीचं बोलणं तिथूनच सुरू करता येतं.