दक्षिणयात्रेस निघालेल्या पुतण्यास

चि. माधव यास,

तुझे पत्र व सोबतचा यात्रेचा तक्ता पावला. पंधरा दिवसांत बावीस देवळे उरकण्याच्या तुझ्या बेतात उत्साह भरपूर आहे. परंतु ज्या वास्तूंपायी राजांच्या हयाती खर्ची पडल्या, त्यांच्या वाट्यास अर्धा अर्धा तास यावा, हे मला रास्त वाटत नाही. सबब मदुरा-रामेश्वर पुढील खेपेस ठेवून या वेळी पल्लवांचा मुलूख तेवढा पाहावास, आणि तोही कारागिराच्या वाटेने.

आरंभ मंडगपट्टूपासून कर. वीट, लाकूड, धातू व चुना यांवाचून ब्रह्मा, ईश्वर आणि विष्णू यांचे हे आयतन निर्माण केले, असे पल्लव राजा पहिल्या महेंद्रवर्म्याने तेथील शिलालेखात सातव्या शतकाच्या प्रारंभी अभिमानाने नमूद करून ठेवले आहे. तेथून महाबलिपुरास जा. महिषमर्दिनीच्या मंडपात एका भिंतीवर सिंहारूढ देवी पुढे झेपावते आहे आणि रेड्याच्या मुखाचा असुर गदा सावरीत मागे रेलला आहे, तर समोरच्या भिंतीवर शेषशायी विष्णू निश्चिंत निजला आहे. या दोहोंच्या मधोमध उभे राहिल्यावाचून त्या शिल्पीची योजना उमगत नाही. मात्र त्याची हातोटी समजून घ्यावयाची तर अपुरी कामेच पाहिली पाहिजेत. धर्मराजरथाचे शिखर नखशिखान्त घडलेले असून तळमजला अर्धवट राहिला आहे, यावरून काम वरून खाली उतरत गेले हे उघड होते. आणि तेथल्याच पिडारी रथांच्या अंगावर चौकटी आखून, त्यांच्या कडेने चर खोदून, मधला उंचवटा फोडून काढण्याची रीत आजही स्पष्ट दिसते.

मग कांचीचे कैलासनाथ मंदिर. चालुक्य द्वितीय विक्रमादित्याने आठव्या शतकात कांची जिंकली, पण या देवाच्या संपत्तीची जप्ती न करता ती त्याची त्यास परत दिली, असा कानडी लेख तेथील खांबावर आहे. पुढे विक्रमादित्याच्या राणीने, लोकमहादेवीने, पट्टदकल येथे विरूपाक्षाचे देऊळ बांधविले. त्यावर कांचीच्या घडणीची छाप आहे, आणि त्याची छाप पुढे वेरूळच्या कैलास लेण्यावर; ते लेणे तू पाहिलेच असल्यामुळे पुढे कधी पट्टदकलास गेल्यावर ती पुढली पायरीही तुला ओळखू येईल. तेथील शिलालेखात गुंड अनिवारिताचारी या सूत्रधाराचे नाव व त्यास मिळालेला त्रिभुवनाचारी हा किताब दाखल आहे. राजांच्या नावांआधी ते पाठ कर.

चालत्या देवळांचा शिरस्ता पाळ. दुपारी ती बंद असतात, तेवढा वेळ टिपणे लिहिण्यात घालव. पूजा चालू असता खांब मोजीत हिंडू नकोस, कारण तेथे आलेला भाविक आपल्या देवाच्या घरी आलेला असतो आणि आपण पाहुणे असतो. रोज एकाच वास्तूचा तपशील रोजनिशीत उतरवून काढ व परत आल्यावर वही मला दाखव. तीत देवळांची संख्या कमी भरली तर मी तुला बोल लावणार नाही.



तुझा काका