नव्याने सुई हातात घेणाऱ्या भाचीला

सोनू, लॅबमध्ये लागलीस, बरं झालं. मशीन कितीही महागडं असो, तू पाठवशील तेच रक्त त्याला दिसतं. त्यात एन्झाइम म्हणजे नाकावर राग असलेली मंडळी. तेव्हा मावशीचं ऐक, मनात हसलीस तरी चालेल.

१. पट्टा बांधून गप्पा मारत बसू नकोस, मिनिटाच्या आत सोड – शिरेत कोंडलेल्या रक्तातलं पाणी झिरपून जातं आणि एन्झाइमचे आकडे उगाच चढतात.

२. स्पिरिट वाळू दे, मगच टोच – ओल्या स्पिरिटाने पेशंटला झोंबतं आणि तांबड्या पेशीही फुटतात.

३. दट्ट्या खसकन ओढू नकोस. बल्बमध्ये रक्त सोडताना सुई काढून, काचेच्या कडेने सावकाश सोड – तांबड्या पेशीत एलडीएच सीरमच्या शंभरपटीहून जास्त, थोड्या फुटल्या तरी पुरे. एसजीओटीही मागोमाग चढतं, एसजीपीटी त्यामानाने कमी. म्हणून म्हणते, धसमुसळा हात, एलडीएच गगनात!

४. बल्ब हलक्या हाताने उलटसुलट कर, खुळखुळवू नकोस – कारण वरचंच.

५. प्लेन बल्बमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या झाकणाच्या बल्बातलं त्यात ओतायचं नाही, अगदी थेंबभरही नाही – जांभळ्यातलं ईडीटीए जस्त आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि त्यांच्यावाचून अल्कलाइन फॉस्फेटेज चालतच नाही. कॅल्शियम तळाला, पोटॅशियम आभाळाला आणि अल्कलाइन फॉस्फेटेज जवळपास गायब, असं त्रिकूट दिसलं की आधी बल्बवर संशय घे, पेशंटवर नंतर. झाकण बदलून रक्त बदलत नाही गं!

६. सिरिंजमधून भरताना सीरमचा बल्ब आधी, जांभळा त्यानंतर, करडा अगदी शेवटी – करड्यातलं फ्लोराइड एन्झाइमचं काम थांबवायलाच घातलेलं असतं.

७. प्लेन बल्ब अर्धा तास उभा ठेवून मगच सेंट्रिफ्यूजला लाव, पण दुपारपर्यंत विसरूही नकोस – गुठळी नीट झाली नाही तर सीरममध्ये धागे येतात, फार वेळ राहिली तर पेशींतलं एलडीएच सीरममध्ये उतरतं.

८. एलडीएचचं सीरम फ्रीजमध्ये कोंबू नकोस – त्याचे यकृतातले प्रकार थंडीत दम तोडतात. बाकी बरंच काही फ्रीजमध्ये टिकतं, हे मात्र नाही.

९. सीपीके असेल तर विचार, "काल जिमला गेला होतात का? दंडात-कमरेत इंजेक्शन घेतलंय का?" – दुखावलेला स्नायू सीपीके सोडतो आणि हृदयाचे डॉक्टर विनाकारण धावतात.

१०. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नकोस – निम्मं सलाइनच मोजशील.

११. सीरम गुलाबी दिसलं तर उजेडात धरून बघ, आणि गुलाबीच असेल तर रिपोर्ट सोडण्याआधी पेशंटला परत बोलाव – गुलाबी म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. तो कुरकुरेल, तू हसून पुन्हा टोच.