समुद्रावरची हवा काय सांगते?

चुलीशेजारी टांगलेल्या तापमापीवरून गावचे तापमान सांगता येईल काय? नाही. तिच्यावरून चुलीची धग तेवढी कळेल. हवेतील हरितगृह वायू मोजतानाही हीच अडचण येते. शहरात मोजणी केली, तर आसपासच्या मोटारींचा व कारखान्यांचा धूरच मोजला जाईल. साऱ्या वातावरणात काय बदल होतो आहे हे कळायला वस्तीपासून दूरची, चांगली मिसळून गेलेली हवा हवी. अशी हवा समुद्रावर मिळते.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटाच्या वायव्य टोकाला केप ग्रिम हा उंच कडा आहे. १९७६ साली तेथे हवेचे निरीक्षण सुरू झाले. तेथे येणारे पश्चिमेचे वारे हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून येतात. परंतु वारा कधी मुख्य भूमीकडूनही वाहतो. मग निर्मळ हवा ओळखावी कशी?

पहिली कसोटी दिशेची. उत्तर दिशा ०° धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कोन मोजला, तर १९०° ते २८०° या टापूतून येणारा वारा समुद्रावरचा. दुसरी कसोटी रेडॉनची. हा किरणोत्सारी वायू जमिनीतून बाहेर पडतो. समुद्रातून तो अगदीच थोडा येतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे ३.८ दिवस आहे. म्हणजे जमीन सोडून १५ दिवस झालेल्या हवेत मूळ रेडॉनचा जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. रेडॉन नगण्य असेल, तर ती हवा बरेच दिवस समुद्रावरच होती असे समजावे.

अशा हवेत आरंभी दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे ३३० रेणू होते. मे २०१६ मध्ये ही संख्या ४०० च्या पुढे गेली. क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू तर लाख कोटी रेणूंमागे फार तर काही शेच असतात! ते मोजायचे कसे? हवा एका लांब, बारीक नळीतून सोडतात. निरनिराळे वायू निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. या वायूंतील क्लोरीन इलेक्ट्रॉन चटकन पकडतो. त्यामुळे उपकरणातील विद्युतप्रवाह घटतो, आणि ती घट पाहून वायूचे प्रमाण काढता येते.

१९८७ च्या माँट्रियल करारानंतर देशांनी या वायूंचे उत्पादन क्रमाक्रमाने बंद केले. करार पाळला जातो की नाही, याची साक्ष अखेर हवाच देते.

केप ग्रिमची हवा १९७८ पासून पोलादी टाक्यांत भरूनही ठेवली जाते. आज जे वायू ओळखता येत नाहीत, ते उद्याच्या अधिक सूक्ष्म उपकरणांना सापडावेत हा त्यामागील हेतू. तो फळाला आला. या जुन्या हवेच्या तपासणीतून ओझोनला मारक असे, तोवर कोणाच्या ध्यानात न आलेले चार वायू उजेडात आल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी दोहोंचे प्रमाण तेव्हाही वाढतच होते. हवा साठवली नसती, तर ते केव्हापासून वाढत आले हे इतके नेमके कळले नसते.

सोडवून पाहा : जमीन सोडून ३८ दिवस झालेल्या हवेत मूळ रेडॉनचा कितवा हिस्सा उरेल?