सुदर्शन तलाव

सौराष्ट्रातील जुनागढ शहराहून गिरनार पर्वताकडे जाताना वाटेत एक प्रचंड शिळा लागते. या एकाच शिळेवर तीन निरनिराळ्या राजवटींचे लेख कोरलेले आहेत. पहिला मौर्य सम्राट अशोकाचा, दुसरा शक महाक्षत्रप रुद्रदामनाचा आणि तिसरा गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा. अशोकाने येथे आपल्या धर्माज्ञा कोरविल्या. पुढील दोन्ही लेखांत मात्र एका तलावाची हकीकत आहे.

त्या तलावाचे नाव सुदर्शन. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने तो बांधविला. पुढे अशोकाच्या वतीने यवनराज तुषास्फाने त्याला पाट काढले. इ. स. पूर्व १८५ च्या सुमारास मौर्यांचे साम्राज्य लयास गेले. तलाव मात्र राहिला.

इ. स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्ष महिन्यात, भयंकर वादळी पाऊस झाला. सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादी नद्यांना पूर आले. बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल खिंडार पडले. सारे पाणी वाहून गेले. वाळवंटासारख्या दिसणाऱ्या त्या ‘सुदर्शना’ला लेखकाने ‘दुर्दर्शन’ म्हटले आहे! बांध पुन्हा उभा राहणे अशक्य, असे रुद्रदामनाच्या मंत्र्यांनी सांगितले आणि त्यांनी या कामास विरोध केला. प्रजेत हाहाकार उडाला. अखेरीस सुविशाख नावाच्या पह्लव अधिकाऱ्याने ते अवघड कार्य तडीस नेले. नवा बांध पूर्वीपेक्षा तिपटीने भक्कम झाला. त्यासाठी प्रजेवर जादा कर बसविला नाही, कोणास वेठीस धरले नाही. सर्व खर्च राजाच्या खजिन्यातून झाला. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी, म्हणजे आपल्याकडील सातवाहन राजा, याला दोनदा जिंकल्याची प्रौढीही याच लेखात आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात राहतो तो बांधच.

कालांतराने गुप्तांनी शक क्षत्रपांची सत्ता नष्ट केली. इ. स. ४५५ च्या सुमारास, भाद्रपदातील एका रात्री, बांध पुन्हा फुटला. आता काय करावे, या विवंचनेत लोक पडले. त्या वेळी स्कंदगुप्ताने नेमलेला पर्णदत्त हा सौराष्ट्राचा अधिपती होता आणि त्याचा पुत्र चक्रपालित नगराचा कारभार पाहत असे. या चक्रपालिताने पुढच्याच वर्षी दोन महिन्यांत बांध दुरुस्त करविला.

स्कंदगुप्तानंतर गुप्तांचेही बळ ओसरले. त्यांचाच एक सेनापती भटार्क याच्या मैत्रक घराण्याने वलभी येथे स्वतःचे राज्य उभारले. शिळेवरील अक्षरे वाचणारे कोणी उरले नाही. इ. स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा या लेखांचा अर्थ लागू लागला. आज शिळेच्या रक्षणासाठी तिच्यावर इमारत बांधलेली आहे. सुदर्शन तलाव मात्र नाहीसा झाला आहे.