फ्रीझरचा सेन्सर मधेच गायब होतो, कारण काय?

मासळीच्या डीप फ्रीझरचं तापमान उणे १८ च्या वर चढलं की मोबाईलवर मेसेज यावा, यासाठी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट टाकतात आणि झिग्बीचा डोंगल लावतात. सॉफ्टवेअर फुकट आहे, अडतं ते डोंगलपाशी.

पाय ४ ला दोन निळे आणि दोन काळे यूएसबी पोर्ट आहेत. निळ्या यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पसरतो, आणि झिग्बी नेमकी तिथंच चालते. म्हणून डोंगल काळ्या पोर्टला, तोही मीटरभर एक्स्टेन्शन वायरने लांब. बोटीवर व्हीएचएफचा अँटेना आपण इंजिनाला चिकटवतो का?

इंदूरच्या विजय नगरसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांचं वायफायही त्याच पट्ट्यात असतं. तिथं झिग्बीचा चॅनल २५ बरा पडतो. चॅनल आधीच ठरवा, मागाहून बदलला तर सेन्सर पुन्हा जोडत बसावं लागतं.

सेन्सर वायरवाला घ्या, प्रोब आत आणि डबी बाहेर. पत्र्याच्या पेटीत रेंज मरते, थंडीने सेलही लवकर बसतो. पाय आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट गेली की मेसेज पाठवणाराच बंद.